चौथ्या वर्षाबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आई लगेच ‘जेवलीस का’वर जाते आणि बाबा ‘बरं, बरं’ म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून लिहितेय. बाबांनी मोठ्यानं वाचायचं, आईनं मध्ये बोलायचं नाही.

मी नोकरी घेत नाहीये. कॉलेजातच चौथं वर्ष करतेय, ऑनर्सचं, रिसर्चवालं. फॉर्म भरून दिला आहे आणि कंपनीला नकारही कळवला आहे. एकदा नकार दिला की आमच्याकडे त्या वर्षी पुन्हा प्लेसमेंटला बसू देत नाहीत, तेव्हा तो दरवाजा सध्या बंद आहे. आधी विचारलं नाही, कारण होकार मिळालाच असता. बाबा जरा वेळ गप्प बसले असते, मग ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाले असते आणि रात्री आईसमोर पेन्शनचा हिशोब घेऊन बसले असते. तो हिशोब मला नको होता.

कट्ट्यावर ‘धाकटीला नोकरी लागली’ हे सांगून झालं असणार. ते काही खोटं नाही, लागलीच होती. आता ‘लागली होती, तिनंच घेतली नाही’ असं सांगा. उलट जास्त भारदस्त वाटतं.

बाबा, तुमच्यासाठी हिशोब मी इथेच मांडते. तीन वर्षांची पदवी आणि वर दोन वर्षांचं एमएस्सी, झाली पाच. चार वर्षांचं ऑनर्स आणि वर एकच वर्षाचं एमएस्सी, तरी पाचच. म्हणजे वर्ष वाया जात नाही. रिसर्चवाल्या ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात. पाच सेमिस्टर मिळून मी त्याच्या बरीच वर आहे, सहाव्या सेमिस्टरचे पेपर चांगले गेलेत. चौथं वर्षही 75च्या वर राहिलं तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. हा यूजीसीचा 2022चा नियम आहे, व्हॉट्सअॅपवर आलेला नाही.

आणि ती क्रेडिटची, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणाऱ्या श्रेयांकांची बँक, जिचं नाव ऐकून तुम्ही ‘व्याज किती देते’ विचारलं होतं, ती खरीच आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, 2021मध्ये सुरू झाली. सेमिस्टरला 22 प्रमाणे माझी तीन वर्षांची 132 क्रेडिट तिथे जमा होतील, चौथ्या वर्षानंतर 176. त्यातली 12 एकट्या प्रोजेक्टची. मध्येच थांबावं लागलं तरी जमा झालेली बुडत नाहीत, सात वर्षांपर्यंत वापरता येतात. हे एवढं का सांगतेय ते ओळखा. घरी यायची वेळ आली तर मी येऊ शकते आणि परत जाऊही शकते. वेळ येणार नाहीच, पण आईला रात्री जाग आली की असलेच विचार येतात.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. 2023मध्ये स्वायत्त कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं ते आमच्यापासून. त्यामुळे ‘चौथ्या वर्षात कसं असतं गं’ म्हणून विचारायला पुढे कुणी सीनियरच नाही. ऑफिसातले काकाही परिपत्रक समोर धरून आमच्याबरोबरच शिकतायत.

आता कशासाठी थांबतेय ते. आई, हसू नकोस. दगडफुलासाठी.

तू मसाल्याच्या डब्यातून काढून खेळायला द्यायचीस तेच. ते फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात, त्याला लायकेन म्हणतात. त्याला मुळं नसतात, सगळं हवेतून आणि पावसातून घेतं, म्हणून हवा बिघडली की ते आधी मरतं. पॅरिसच्या एका बागेत हे 1866 साली एका शास्त्रज्ञानं ओळखलं होतं. आम्ही आमच्या कॅम्पसवर तेच पाहतोय. खोडाला चार दिशांना जाळी बांधायची, उभ्या ओळीत दहा सेंटीमीटरचे पाच चौकोन, आणि कुठल्या चौकोनात काय आहे ते भिंगातून मोजायचं. काही जाती नुसत्या बघून ओळखू येत नाहीत. मग कॉस्टिक पोटॅशचा एक थेंब टाकायचा. काही तशाच राहतात, काही पिवळ्या पडतात, आणि काही पिवळ्या होऊन हळूहळू लाल होतात. पहिल्यांदा लाल झालेली पाहिली तेव्हा मी लॅबमध्ये ओरडले होते. रस्त्याकडच्या झाडांवर आणि आतल्या झाडांवर फरक दिसतोय, पण एका हंगामाच्या मोजणीवर काही म्हणता येत नाही. पावसाळा, हिवाळा, दोन्ही हवेत. त्यासाठी हे वर्ष.

याच विषयाचं पोस्टर मी ‘आविष्कार’ला नेलं होतं. राज्यातल्या विद्यापीठांची ती संशोधन स्पर्धा, 2006पासूनची. मी विद्यापीठ फेरीपर्यंत गेले, राज्याला निवड झाली नाही. तुम्ही तेव्हा ‘सर्टिफिकेट फ्रेम करू’ म्हणालात आणि मी विषय बदलला होता. फ्रेम करू नका. तिथे एका परीक्षक बाईंनी माझ्या पोस्टरपाशी बराच वेळ थांबून विचारलं, ‘झाडाची जात वेगळी असली तर? सालीचा फरक कसा वगळलास?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण माझा आकडा कुणीतरी इतक्या गांभीर्यानं घेतलाय याचाच आनंद झाला.

बक्षिसाचं म्हणाल तर पुरुषोत्तम करंडकाचं उदाहरण घ्या. पुण्यातली 1963पासूनची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, आणि 2022मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. आमचे सीनियर अजून त्यावर भांडतात. तरी पुढच्या वर्षी भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ तेवढ्याच जोरात घुमलं. (मी बॅकस्टेजला होते, आई. रात्रीच्या तालमींना आम्ही मुली घोळक्यानं परतायचो, रेक्टर मॅडमची लेखी परवानगी असायची. आता तेही बंद, चौथ्या वर्षात वेळ नाही.)

पैशांचं. लायब्ररीत ‘कमवा आणि शिका’मध्ये नाव दिलंय. पुस्तकं परत लावायची आणि रजिस्टर भरायचं, एवढंच काम आहे. बाबा, रयतच्या बोर्डिंगात राहून तुम्ही काय काय कामं केलीत ते मी लहानपणापासून ऐकत आलेय, तेव्हा मला यात कमीपणा वाटेल असं मनातही आणू नका. कपाटातल्या निळ्या फाईलबद्दल मी काही म्हणणार नाही. ती मी पाहिली आहे, एवढंच.

हॉस्टेलला चौथ्या वर्षाच्या मुलींना दोघींत एक खोली मिळणार आहे. पूर्वेची, कोरडी, भिंतीला ओल नाही. गरम पाणी सकाळी येतं, मेस ठीक आहे, गादी नवी घेतली. खोकला गेला. केस गळायचे थांबलेत, तेल लावते, खरंच लावते.

बाबा बँकेतून जुन्या स्लिपा आणायचे, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी अंगणातल्या झाडांची नावं लिहायचे, आठवतं? एकदा चिंचेला आंबा लिहिलं तर तुम्ही खोडलं नाहीत. मला हाताला धरून झाडाखाली नेलंत आणि पान चघळायला दिलंत. परवा झाडांची यादी करताना एकदम आठवलं, आणि इतकं घरी यावंसं वाटलं की त्या दिवशी काम झालं नाही.

असो. आता नीट ऐका. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. ‘धाकटीचं मार्गी लागू दे’ हे कारण आता संपलं, माझं मार्गी लागलंय. त्या आठवड्यात मी येतेय, रजेचं बोलून ठेवलंय. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, स्टुलावरही नाही. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. दादानं आणलेलं मशीन खोक्यातून बाहेर काढा आणि आकडे लिहून ठेवा. स्लिपांच्या मागे लिहा हवं तर.

सोबत एक फॉर्म आहे. पालकांची सही लागते, खाली पेन्सिलनं फुली केली आहे. बाबा, रागावला असलात तर दोन दिवसांनी करा, पण करा. आईनंही करायची, जागा दोघांनाही आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. : फॉर्मची घडी घालू नका, मोठ्या पाकिटात पाठवा. आणि बाबा, पोस्टात तुम्ही जायचं नाही, शेजारच्या दादाला सांगा.