अर्ध्या तिकिटाचं पाकीट कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यात असलेल्या, इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी या ब्रिटिश अखत्यारीतल्या बेटावर वापरलेली अर्धी तिकिटं पाकिटावरून कापून, भिजवून सुटी करण्याची खोड अजूनही काही संग्राहकांना आहे. कळकळीची विनंती, असं करू नका. सुटं अर्धं तिकीट कात्री हाती असलेला कोणीही बनवू शकतो. ते खरं की खोटं हे पाकिटावरचा शिक्काच सांगतो.

३० जून १९४० रोजी जर्मन सैन्य बेटावर उतरलं आणि ब्रिटनशी टपाल तुटलं. स्थानिक पत्राला लागणारी एक पेनीची तिकिटं संपत आल्यावर दोन पेनीचं तिकीट तिरकं कापून त्याचा अर्धा भाग एक पेनी म्हणून चालवायची परवानगी २७ डिसेंबरपासून मिळाली. ती २२ फेब्रुवारी १९४१ पर्यंत टिकली. बहुतेक पाकिटांवर राजा सहाव्या जॉर्जचं नारिंगी तिकीट किंवा मे १९४० मधलं, राणी व्हिक्टोरिया आणि जॉर्ज शेजारी-शेजारी असलेलं, टपाल तिकिटाच्या शताब्दीचं तिकीट दिसतं. शेजारच्या जर्सी बेटावर ही सोय नव्हती. तिथला शिक्का असलेलं 'अर्धं' तिकीट घेऊच नये.

भिंगातून आधी तिरकी कड पाहा. शिक्क्याचं वर्तुळ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलं पाहिजे. लबाडीची नेहमीची रीत म्हणजे त्याच काळातल्या खऱ्या पाकिटावरचं अख्खं तिकीट काढून तिथे अर्धं चिकटवायचं. पण मूळ तिकिटानं झाकलेल्या कागदावर शाई पोचलेलीच नसते, म्हणून कापलेल्या कडेपाशी वर्तुळ एकदम थांबतं आणि उरलेला त्रिकोण कोरा राहतो. कोणी तिथे शाईनं रेषा जोडली असेल तर तिची जाडी आणि छटा जुळत नाही.

कोऱ्या जुन्या तिकिटावर नवा शिक्का मारला असेल तर ही परीक्षा पुरत नाही. तेव्हा अतिनील दिव्याखाली पाकीट धरा. निळसर पांढरं झळकलं तर कागद युद्धानंतरचा. पत्ता इंग्लंडचा असेल तरीही सावध व्हा, कारण तिकडे टपाल जातच नव्हतं.

नवं, राजचिन्हाचं एक पेनी तिकीट १८ फेब्रुवारीला निघालं, त्यामुळे शेवटच्या दिवसांत अर्धी आणि नवी अशी दोन्ही तिकिटं चालत होती. अर्थात तेव्हाही अनेक पाकिटं संग्रहासाठी मुद्दाम बनवली गेली. ती खरीच आहेत, पण दुकानदाराच्या बिलाचं साधं पाकीट मिळालं तर ते जास्त मोलाचं. ते अख्खंच जपा, मागच्या बाजूसकट.

आपला,
एक टपालतिकीट संग्राहक