सर्व्हरची एक्स्पायरी डेट सभेच्या नोटिशीत छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करा. लोक ती शोधून शोधून वाचतात, आपली बिल्डिंग आहे का, मामाची आहे का. मला वाटतं आपल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने यांच्या सर्व्हरचाही असाच हिशोब लोकांसमोर यायला पाहिजे. गेली चौदा वर्षं मी वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतोय, म्हणून हे लिहितोय.

ठाण्यातली एक पतसंस्था आहे, नाव नको. तिचा सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर होता. हे व्हर्जन २०१४ चं आणि ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणं, संपणार हे कित्येक वर्षं आधीच जाहीर होतं. मी २०२२ मध्ये कोटेशन दिलं, २०२३ मध्ये परत दिलं, दोन्ही वेळा उत्तर एकच, चालतंय ना सगळं, मग कशाला हात लावायचा. जुलैमध्ये बॅकअपसाठी एक छोटंसं पॅकेज टाकायला बसलो, पॅकेज उतरवून घेणारी यम कमांड मारली तर होस्टच सापडत नाही असा एरर, कारण जिथून पॅकेज यायचं तो मिररलिस्टचा पत्ताच बंद झालेला. जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यात ठेवलीत, पत्ता बदलून ती घेता येतात, पण ती आहेत तशीच राहणार, उद्या त्यात नवी फट सापडली तर बुजवायला कोणी येणार नाही.

तेव्हा कुठे कमिटी हलली. पण सर्व्हर बदलणं सोपं होतं हो, अडकलं ते सॉफ्टवेअरवर, ते लिहिलेलं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या ५ व्हर्जनमध्ये आणि डेटाबेसशी बोलायला आत शेकडो ठिकाणी मायएसक्यूएल क्वेरीचं जुनं फंक्शन वापरलेलं, जे पीएचपी ७ मध्ये म्हणजे २०१५ सालीच काढून टाकलंय, आणि ज्याने ते लिहिलं तो माणूस नोकरीसाठी बाहेर गेलेला, फोन लागत नाही. दोन महिने शांतपणे करायचं काम आम्ही रात्री जागून केलं. दोन दिवस पासबुकची छपाई बंद होती, एफडीचं व्याज घ्यायला आलेले म्हातारे लोक बाकावर बसून होते, ते बघून फार वाईट वाटलं. त्यांची यात काय चूक होती?

अपडेटची भीती खोटी नाही, हे मी मान्य करतो. अपडेट मारलं आणि सकाळी काउंटर बंद, असं झालेलं मी स्वतः पाहिलंय. पण त्यावर उपाय अपडेट टाळणं नाही, आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघायचा (घेतलाय म्हणून सांगतात सगळे, रिस्टोअर करून बघितलेला फार थोड्यांनी), त्याच मशीनवर नवं व्हर्जन चढवून आठवडाभर खऱ्या कामासारखं काम करून बघायचं आणि मग रविवारी मुख्य सर्व्हरला हात लावायचा. याला वेळ लागतो, आणि वेळ तारखेच्या आधीच असतो.

लांबचं उदाहरण द्यायची गरज नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. तो व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला हे खरं, पण आत शिरल्यावर पसरायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक होती विंडोजची अशी फट, जिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणजे हातात तीन महिने होते.

शिवाय तारीख एकदा लिहून ठेवली की झालं असंही नाही. सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत असेल म्हणून लोक त्यावर गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ अखेरच संपणार. म्हणून दरवर्षी बघायला लागतं.

माझी मागणी छोटी आहे. पतसंस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतातच, ताळेबंद छापतातच, त्यातच एक ओळ टाका, सर्व्हरवर कोणतं व्हर्जन आहे, डेटाबेस कोणता, सपोर्ट कधी संपतो आणि बघायची जबाबदारी कोणाची. ज्यांच्याकडे विंडोज सर्व्हर २०१६ आहे त्यांची तारीख १२ जानेवारी २०२७ आहे, त्याचं कोटेशन आत्ताच मागवा. आणि सभासदांनो, सभेत लाभांशाबद्दल विचारता तसं हेही उठून विचारा, आपलेच पैसे आणि आपल्याच आधार-पॅनच्या कॉप्या त्या मशीनमध्ये आहेत.

त्या पतसंस्थेने ही ओळ नोटिशीत छापायचं कबूल केलंय. ती अशी आहे (अल्मालिनक्स ही सेंटओएसच्या जागी घेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम): अल्मालिनक्स ९, सपोर्ट मे २०३२ पर्यंत, जबाबदारी सचिव.

आपला,
एक वाचक, कळवा, ठाणे