ब्लफ ‘हमखास’ ओळखण्याचा दावा दिशाभूल करणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोकर या पत्त्यांच्या खेळात ऑनलाइन खेळताना समोरच्याचा ब्लफ, म्हणजे कमकुवत पाने असूनही ती भक्कम असल्याचा आव आणून लावलेली रक्कम, ‘हमखास’ कशी ओळखायची, हे शिकवणाऱ्या चित्रफिती आणि पैसे घेऊन चालवले जाणारे वर्ग मोबाइलवर सर्रास दिसतात. प्रतिस्पर्ध्याने चाल करायला किती सेकंद घेतले यावरून त्याच्या हातातली पाने सांगता येतात, असे त्यांत छातीठोकपणे सांगितले जाते. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेला आणि पत्त्यांची मनापासून आवड असलेला वाचक म्हणून या दाव्याला आक्षेप घेणे मला आवश्यक वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत कोवळ्या वयाची मुले पुष्कळ आहेत.

चालीला झालेल्या उशिराची कारणे पानांशी संबंधित असतीलच असे नाही. इंटरनेट अडखळलेले असते, खेळाडू एकाच वेळी चार टेबलांवर खेळत असतो, किंवा तो जाणूनबुजून प्रत्येक चालीला सारखाच वेळ घेत असतो. वेळेला काहीच अर्थ नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. एकाच खेळाडूचे शेकडो डाव पाहिले, त्यांतल्या ज्या डावांत शेवटी पाने उघड झाली त्यांची नोंद ठेवली, तर त्याची एखादी सवय ध्यानात येऊ शकते. पण ती त्या एका माणसाची सवय असते आणि नव्याने समोर आलेल्या अनोळखी खेळाडूला तीच फूटपट्टी लावणे म्हणजे निव्वळ अंदाजपंचे काम होय.

समोरासमोर बसूनही हे किती अवघड असते, याचे उत्तम उदाहरण २००३च्या जागतिक पोकर मालिकेच्या अंतिम लढतीत सापडते. अमेरिकेतील टेनेसीचा लेखापाल ख्रिस मनीमेकर हा ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून लास वेगासला पोहोचला होता आणि त्याच्यासमोर सॅमी फरहा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू होता. या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने असतात आणि टेबलावर सर्वांसाठी एकूण पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात. गाजलेल्या डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती होती, तर फरहाकडे इस्पिकची राणी आणि एक नव्वी. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की आणि अठ्ठी उघडली, तेव्हा मनीमेकरला इस्पिकच्या पाच पानांचीही आशा होती आणि ओळीने पाच पानांचीही. शेवटचे पान बदाम तिर्री निघाले आणि दोन्ही आशा मावळल्या. हातात साधी जोडीही नसताना त्याने सगळ्या चिप्स (बाजी लावायच्या चकत्या) पुढे सरकवल्या. त्याचा इस्पिकचा डाव जुळला नसावा, असा नेमका अंदाज फरहाने बोलूनही दाखवला आणि तरीही नव्वीची जोडी हातात असताना पाने टाकून डाव सोडला. अंदाज बरोबर असूनही त्यावर सारे काही पणाला लावण्याइतकी खात्री त्याला नव्हती.

मग अभ्यासू खेळाडू काय करतो? तो समोरच्याने पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत लावलेल्या रकमा एकत्र जुळवून पाहतो. खरोखर भक्कम पाने असलेला माणूस आधीच्या दोन फेऱ्यांत असाच वागला असता का, हा त्याचा प्रश्न असतो. टेबलावर तीन इस्पिके दिसताच ज्याने नुसता चेक केला, म्हणजे काहीच न लावता पाळी पुढे दिली, आणि कोणाचाच डाव सुधारणार नाही असे शेवटचे पान उघडताच जो एकाएकी मोठी रक्कम लावतो, त्याच्या वागण्यात विसंगती असते आणि संशयाला जागा मिळते ती तिथे.

त्यानंतर येतो हिशेब. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमा रकमेत, १००० चिप्स असताना समोरच्याने ५०० लावल्या, तर आपल्याला ५०० टाकून १५०० मिळवायच्या असतात. अशा चार चालींपैकी एकीपेक्षा जास्त ब्लफ असतील, तर फक्त ब्लफवरच मात करू शकणाऱ्या पानांनीही कॉल करणे, म्हणजे तेवढीच रक्कम टाकून डावात राहणे, फायद्याचे ठरते. त्याने १००० लावल्या, तर हेच प्रमाण तिनात एक होते. म्हणजे ‘हा ब्लफ आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘असे किती वेळा असेल’ हा प्रश्न विचारावा लागतो. आपल्या हातातली पानेही इथे साक्ष देतात. टेबलावर तीन इस्पिके असतील, तर उरलेल्या दहांतून दोन इस्पिकांच्या ४५ जोड्या होतात. पण त्यांतला एक्का आपल्याकडे असला, तर समोरच्यासाठी ३६च उरतात. इस्पिकांचा डाव असल्याचा आव आणणाऱ्यावर त्यामुळे थोडा अधिक संशय घेता येतो. थोडाच.

कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या लिब्रॅटस या संगणक प्रणालीने जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत नमवले. तिला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तिच्या ब्लफचे प्रमाण हिशेबाने ठरलेले असल्याने एकेका डावात तो ओळखणे त्या खेळाडूंनाही जमले नाही.

ब्लफ अचूक ओळखणारे खेळाडू कधीच आढळले नाहीत, असे मात्र नाही. २००७मध्ये ‘अॅब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर एक खेळाडू इतके अचूक निर्णय घेऊ लागला की, इतर खेळाडूंनी एका स्पर्धेतील डावांची नोंद मागवून तपासली. सर्वांची झाकलेली पाने पाहू शकणाऱ्या अंतर्गत खात्याची त्याला मदत होती, हे त्यातून उघड झाले. तिथल्या खेळाडूंना इतक्या अचूकतेचा संशय आला. आपल्याकडे मात्र तीच अचूकता शिकवण्याची जाहिरात होते, याचे मला फार वाईट वाटते.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणली आहे आणि त्यांची जाहिरात करणेही गुन्हा ठरवले आहे. त्यामुळे ‘फुकटच्या चिप्सवर सराव करा’ असे आता सांगितले जाते. परंतु गमावण्यासारखे काही नसले की लोक पाने टाकतच नाहीत, प्रत्येक चाल कॉल करतात, आणि जिथे कोणी पाने टाकत नाही तिथे ब्लफ करण्यालाही अर्थ उरत नाही. अशा टेबलावर ब्लफ ओळखायला शिकलो, असे मानणारा मुलगा पुढे बेकायदा किंवा परदेशी संकेतस्थळांकडे वळला, तर त्याच्याजवळ त्या वर्गाने दिलेल्या खोट्या आत्मविश्वासाशिवाय काहीही नसेल.

आपल्या युवा पुरवणीत शक्यतांच्या गणितावर एखादी लेखमाला सुरू करावी आणि तीत पत्त्यांची ही उदाहरणे आकड्यांसह सोडवून दाखवावीत, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक