मदतीच्या केकवरही चिठ्ठी हवी

संपादक महोदय,

नाताळ जवळ आला की पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथे मदतनिधीसाठी घरगुती केक-बिस्किटांची टेबले मांडण्याची पद्धत अलीकडे चांगलीच रुळली आहे. कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी, कुणाच्या शिक्षणासाठी, कधी भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी बायका (आणि आता काही पुरुषही) रात्री जागून भाजतात आणि जमलेली सगळी रक्कम देऊन टाकतात. या खटाटोपाविषयी मला आदरच आहे. मी स्वतः काही वर्षे त्यात हात घालत आले आहे, आणि म्हणूनच त्यातली एक उणीव बोलून दाखवण्याचे धाडस करते. या पुड्यांमध्ये काय काय घातले आहे, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते.

माझे बालपण दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या एका वाड्यावर गेले. चवथीला (गणेशचतुर्थीला) आमच्या घरून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे नेवऱ्या (करंज्या) जात आणि नाताळात त्यांच्याकडून कोन्सुआदीचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, ताट येई. त्या ताटात बेबिंका (थराथरांचा गोड केक) नसे आणि बाथही (रवा-खोबऱ्याचा केक) नसे, कारण दोन्हींत अंडी पडतात आणि माझ्या आजीला अंड्याचा स्पर्शही चालत नसे. चण्याच्या डाळीचा दोस (वड्या), माडाचा गूळ घातलेले हलव्यासारखे दोदोल, केळी असे तिला चालणारे तेवढे ताटात येई. आम्हा मुलांसाठी म्हणून दिलेल्या बोलिन्या (खोबऱ्याची बिस्किटे) वेगळ्या कागदात बांधून ताटाबाहेर, हातात दिल्या जात. ही विभागणी कुणी कुणाला सांगितलेली नव्हती. देणाऱ्या घराला घेणाऱ्या घराची पथ्ये तोंडपाठ होती. लेकीच्या सासरी व्हजें (गोडाधोडाची भेट) पाठवतानासुद्धा तिथे मधुमेह कुणाला आणि दात कुणाचे पडलेले याचा विचार होई, तो याच ओळखीतून.

मदतनिधीच्या टेबलावर ही ओळख नसते. देणारी डिचोलीची, घेणारा वास्कोचा, आणि खाणारा कदाचित त्याच्याकडे पाहुणा आलेला तिसराच कुणी. बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हा सगळ्यांनाच अभिमान वाटला. पण तिच्या थरांत अंड्यांचे पिवळे बलक असतात हे गोव्याबाहेरून आलेल्या माणसाला पाहून कळत नाही. जे काम पूर्वी ओळख करीत असे, ते आता चिठ्ठीनेच करायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे सुचले ते एका प्रसंगावरून. दोन वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावरून मी ‘बदाम बिस्किटे’ घेतली आणि माझ्या भाच्याच्या मुलाला दिली. त्याला भुईमुगाची ॲलर्जी आहे, बदामाची नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे धावावे लागले. रात्रीपर्यंत तो सावरला. चौकशी केली तेव्हा कळले की बदाम महाग म्हणून पिठात निम्मे शेंगदाण्याचे कूट होते. ते करणाऱ्या बाईंनी त्यातला एक रुपयाही स्वतःकडे ठेवला नव्हता. उलट बदामाचा खर्च वाचला तर रुग्णाला तेवढे जास्त मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या हेतूला मी आजही नावे ठेवणार नाही. मात्र दान करीत आहोत म्हटल्यावर बाकीचे नियम आपोआप शिथिल होतात, अशी आपली जी एक समजूत असते, ती त्या कुटात मिसळलेली होती.

कायद्यालाही ही समजूत मान्य नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ यात अन्नव्यवसायाची जी व्याख्या आहे, तीत व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट शब्द आहेत. बाजारातल्या बंद पाकिटावर गहू, दूध, अंडी, भुईमूग, सुकामेव्यातील कवचफळे, सोयाबीन अशा घटकांचा वेगळा उल्लेख करावा लागतो, आणि अंडे असलेला पदार्थ शाकाहारी म्हणून हिरव्या खुणेने विकता येत नाही. घरच्या ओव्हनमधल्या पंचवीस पुड्यांना कारखान्याचे सगळे सोपस्कार लावा, असे मी म्हणत नाही. तसे झाले तर पुढच्या वर्षी टेबलच लागणार नाही. पण अंडे आहे की नाही, दाणे कोणते, तूप आहे की मार्गारिन आणि कधी भाजले, एवढे चार शब्द हाताने लिहायला काय लागते? मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, इंग्रजीत लिहा. आयोजकांनी चिठ्ठीशिवाय पुडी टेबलावर ठेवूच नये.

भाजल्याची तारीख मी मुद्दाम म्हटली. आपल्या दमट हवेत नानकटाई उघडी राहिली तर एका रात्रीत सादळते, आणि गरम असतानाच डब्यात भरलेल्या केकची वाफ आत धरून त्याला बुरशी येते. ओले खोबरे घातलेली बाथ सुक्या बिस्किटाइतकी टिकत नाही. क्रीमचे केक तर उघड्या टेबलावर मांडूच नयेत. दुपारच्या उन्हात मांडवाखाली दोन तास राहिलेले क्रीम मी तरी कुणाच्या आजीला खाऊ घालणार नाही. आणि वर्तमानपत्रात बिस्किटे बांधण्याची आपली जुनी सवय सोडलेली बरी, कारण छपाईची शाई तुपाला चटकन लागते. (हे पत्र छापणाऱ्या वर्तमानपत्राने याचा राग मानू नये.)

वृद्धाश्रमांना आणि अनाथाश्रमांना देताना तर चिठ्ठीच्याही आधी एक फोन करावा. गेल्या वर्षी आम्ही आठ-दहा जणींनी नाताळासाठी फळांचे केक करायचे ठरवले आणि सहज म्हणून एका आश्रमाला आधी विचारले. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी फार नम्रपणे सांगितले की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे इतके केक येतात की ठेवायला जागा उरत नाही, आणि निम्म्याहून अधिक आजी-आजोबांना साखर वर्ज्य आहे. कमी मिठाची खारी बिस्किटे चालतील, चहात बुडवून मऊ होणारी असावीत, आणि शक्य असेल तर फेब्रुवारीत आणा, तेव्हा कुणीच येत नाही, असे त्या म्हणाल्या. आम्ही फेब्रुवारीत गेलो.

आपली विश्वासू,
एक वाचक, फोंडा