गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
दुरुस्ती विभाग

विषय : ट्रकच्या केबिनच्या फ्लोअरचे सदोष वेल्डिंग

महोदय,

भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणारा माझा जुना टाटा ४०७ ट्रक मी उन्हाळ्यात तुमच्या वर्कशॉपमध्ये केबिनचा फ्लोअर दुरुस्त करायला दिला होता. बिलावर तुम्ही ‘सडलेला पत्रा कापून नवीन बसवला’ असे लिहिले आहे. पैसे पूर्ण घेतले आहेत.

पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी आले. रबरी मॅट उचलली तर ठिगळाची कड सुटलेली, आणि खाली जुना सडका पत्रा तसाच! तुम्ही काहीही कापलेले नाही. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचून राहते, त्यामुळे आतून गंज आणखी जोरात धरतो. वेल्डिंगच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तरी आरपार जातो. क्लच दाबताना फ्लोअर खाली दबतो. गाडी मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. उद्या हा पत्रा सुटला तर पाय कुठे जाईल, याचा विचार कोणी केला का?

गंजावर वेल्डिंग धरत नाही, त्यात भोके राहतात, हे तुमच्या कारागिरांना मी सांगायला नको. ग्राइंडर मारून चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे जायचे आणि तिथून कापायचे. पातळ पत्र्याला वेल्डिंगच्या रॉडने सलग ओढले की तो जळतो आणि वाकतो. म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू सोडून बारीक तारेने करायच्या) वेल्डिंगने अंतर सोडून टाके मारायचे, मधे थंड होऊ द्यायचे. खालच्या बाजूचा रंग वेल्डिंगच्या उष्णतेने जळला आहे, तिथे प्राइमरचा एक हातही नाही. बर्फाचे खारे पाणी रोज लागणाऱ्या गाडीला तुम्ही उघडे लोखंड दिलेत. फ्लोअरखालून जाणाऱ्या वायरचे आवरणही वितळले आहे, त्यामुळे मागचा ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही.

माझी मागणी अशी : ठिगळ काढून सडलेला भाग खरोखर कापावा, नवा पत्रा माझ्यासमोर बसवावा, सांध्यांना सीलंट आणि दोन्ही बाजूंनी झिंक प्राइमर लावावा, वायर बदलावी. हे सगळे विनाशुल्क. जमत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. गाडी धंद्याची असली तरी ती आमच्या स्वयंरोजगाराची आहे, आणि अशा ग्राहकाला कायदा वगळत नाही. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक
माझगाव, मुंबई