दिवाळी अंकाच्या तोंडावर कीटो नको

मा. संपादक,
स. न.

दिवाळी अंकांचा मजकूर द्यायचे दिवस आले की लेखक, अनुवादक, मुद्रितशोधक रोज आठ-दहा तास खुर्चीत असतात. नेमका याच दिवसांत ‘कार्ब बंद करा, डोकं तल्लख होईल’ हा सल्ला हातोहात फिरतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण तो ज्या तऱ्हेने पाळला जातो त्याने हातातला लेखच अडकतो.

कीटो आहार म्हणजे या सल्ल्याचे टोक: दिवसाला फक्त २० ते ५० ग्रॅम कर्बोदके (कार्ब). ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत ती ३५ ग्रॅमच्या आसपास असतात. (भाकरीत पोळीपेक्षा कार्ब कमी, हा गैरसमज आहे, पिठाला पीठ दोन्ही जवळपास सारखेच.) एवढी कपात केली की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा काही दिवसांत उतरतो. त्याच्या दर ग्रॅमाला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते, तेही जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर घटलेले किलो-दीड किलो हे बहुतांशी पाणीच. इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडे मीठही जास्त बाहेर टाकतात. डोके ठणकणे, उठताना भोवळ, पोटऱ्यांत गोळे, एकच वाक्य चारदा वाचावे लागणे, हे बरेचसे त्यातूनच येते. अशा वेळी माणसे चहा वाढवतात, हवे असते मीठ-पाणी. पेलाभर ताकात पाव चमचा मीठ, दिवसातून दोनदा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा उपाय परस्पर करू नये.

मेंदूला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. कार्ब तोडले की यकृत काही ग्लुकोज स्वतः बनवते आणि बाकीची गरज चरबीपासून तयार होणारे कीटोन भागवतात, पण ही घडी बसायला दोन-तीन आठवडे सहज जातात. हा आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी मांडला गेला आणि तिथे तो खरोखर उपयोगी ठरला. निरोगी माणसाचे लेखन त्याने सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून मजकूर द्यायची तारीख महिन्याच्या आत असेल, तर कीटो सुरूच करू नये.

करण्यासारखे आहे ते दुपारच्या ताटात. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, दीड वाटी भात, वरण यांत शंभराहून जास्त ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम १५ ग्रॅम प्रथिने होतात. दुपारी दोन ते चार शरीराची लय मुळातच मंदावते, त्यात हे ताट पडले की डोळे मिटतात. त्याऐवजी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, दोन अंडी किंवा ७५ ग्रॅम पनीर, काकडीची कोशिंबीर आणि ताक घ्यावे. कर्बोदके ६० ग्रॅमच्या घरात येतात, प्रथिने जवळपास दुप्पट होतात. भात सोडला पण त्याच्या जागी काही घेतले नाही, ही नेहमीची चूक. ती निव्वळ उपासमार असते आणि साडेचारला बिस्किटांचा पुडा फुटतो.

चहाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. कपात आधी इथून करावी. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही ‘हलकी’ नव्हे: ६० ग्रॅम साबुदाण्यात ५० ग्रॅमहून जास्त कर्बोदके आणि प्रथिने नावालाच. जे काही असते ते दाण्याच्या कुटाचे.

सर्वांत काळजीची गोष्ट मधुमेहाची. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही गोळी चालू असताना कार्ब एकदम तोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर कीटो केल्यास रक्तातले आम्ल वाढून जीवावर बेतू शकते, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवरची साखर फारशी चढलेली नसते, त्यामुळे घरी कुणाला शंकाही येत नाही. मळमळ, उलट्या, धाप दिसताच रुग्णालय गाठावे लागते. लो-कार्बवरचा मजकूर आपण जेव्हा छापाल, तेव्हा या गोळ्यांची नावे आणि ‘डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नये’ ही ओळ त्याच चौकटीत, ठळक टाइपात द्यावी, ही कळकळीची विनंती.

एक आहारतज्ज्ञ, पुणे