बिरसीचं विमान टिकवायचं असेल तर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाचा विषय निघाला की आमच्या भागात दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गोंदियात विमानात बसणार कोण? दुसरा म्हणतो, कंपन्या अनुदान खातात आणि पळतात. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाड्यांचं भारमान, म्हणजे किती जागा भरल्या ते, लिहिण्यात आणि कोणती फेरी ठेवायची, कोणती काढायची यावर वरिष्ठांशी वाद घालण्यात माझी नोकरी गेली. मला हे दोन्ही सूर पटत नाहीत, म्हणून हे पत्र.

बिरसीची धावपट्टी २३०० मीटरची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी हा तळ बांधला, म्हणजे जागा आणि बांधकाम यांचं रडगाणं इथे नाही. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १४०० मीटरवर अडकली आहे, तसं आमचं नाही. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमान सुरू झालं. तेव्हा आमगाव, सालेकसा, तिरोड्याची माणसं नुसतं विमान बघायला बिरसीला गेली होती. काही महिन्यांतच ते बंद पडलं. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ प्रवासी विमान आलंच नाही. मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीची हैदराबाद आणि तिरुपतीची सेवा आली.

हे दुखणं एकट्या गोंदियाचं नाही. छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेवरचा ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातले आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. योजनेच्या बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत कंपन्यांना ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग किती, तर ५४.

तीन वर्षांचं गणित असं आहे. या योजनेत विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्यात द्याव्या लागतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ती मर्यादा २५०० रुपये होती. त्यातून येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ देत नाही. तीन वर्षं संपली की दोन्ही आधार एकाच दिवशी जातात. भाडं वाढतं, आणि वाढलं की आमचा प्रवासी रेल्वे पकडतो, नाहीतर नागपूरला जाऊन तिथलं विमान धरतो. नागपूरला दिवसात अनेक विमानं आहेत; एक चुकलं तर दुसरं मिळतं. माझा पुतण्या हैदराबादला नोकरीला आहे. घर बिरसीपासून जवळ असूनही तो नागपूरचंच तिकीट काढतो. म्हणजे प्रवासी आहेत, फक्त ते बिरसीच्या हिशेबात दिसत नाहीत.

कंपनीच्या बाजूनेही बघायला हवं. विमानाचं भाडं आणि सुटे भाग डॉलरमध्ये मोजावे लागतात. इंधनावर खर्चाचा मोठा वाटा जातो. विमान जमिनीवर उभं असेल तरी हप्ता थांबत नाही. गोंदियाला दिलेले दोन तास मुंबई–बंगळूरला दिले तर जास्त मिळकत होते, हे त्यांच्या शेड्यूल करणाऱ्याला रोज दिसतं. कंपनी छोटी असली तर तिच्याकडे विमानंच मोजकी. त्यातलं एक दुरुस्तीला गेलं की पहिली फेरी कापली जाते ती आमची, कारण इथे ओरडणारे कमी. आणि कंपनीच बुडाली तर विषयच संपला. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेट ही विमान कंपनी थांबली तेव्हा नांदेड, जळगावसारखी ठिकाणं उघड्यावर पडली होती.

पण मला सगळ्यात जास्त बोचते ती वेगळी गोष्ट. नवी फेरी भरायला वेळ लागतो, हे एसटीतला कुठलाही कंट्रोलर सांगेल. आमच्याकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावासाठी संध्याकाळची मुक्कामी गाडी लावली होती. पावसाळाभर वाहक रिकामी बाकं घेऊन जायचा. भारमान बघवत नव्हतं. तरी आगार व्यवस्थापकांनी ती एक दिवसही चुकू दिली नाही. आधी प्रत्येक थांब्यावर माणसं विचारायची, ‘आज येते का जी गाडी?’ दिवाळीपर्यंत तो प्रश्न बंद झाला. कॉलेजच्या मुलींनी त्या गाडीच्या भरवशावर आमगावला नाव घातलं. बाजाराच्या बाया परतीचं काळीपिवळीचं भाडं वाचवून तिची वाट बघू लागल्या. गाडी भरली ती तिच्या नेमाने. विमानाचा प्रवासी तर महिनाभर आधी तिकीट काढतो. त्याला दवाखान्याची तारीख असते, मुलाखत असते. ज्याला एकदा ‘उड्डाण रद्द’ असा मेसेज आला, तो परत येत नाही आणि दहा जणांना सांगतो. मग भारमान पडतं, आणि पडलेलं भारमान दाखवून फेरी काढली जाते.

म्हणून माझं मागणं नव्या विमानतळाचं नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं जोडण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे, पण आधी दिलेल्या मार्गांपैकी चौथ्या वर्षी किती चालू राहतात, यावर योजनेचं यश मोजा. पैसा नेमाला द्या. ठरल्या वेळी किती फेऱ्या प्रत्यक्ष झाल्या यावर अनुदान ठरावं, आणि कंपनीच्या कारणाने फेरी रद्द झाली तर ते कापावं. तीन वर्षांनंतर आधार एकदम काढू नये, दोन-तीन वर्षांत हळूहळू कमी करावा. या अनुदानात राज्याचाही वाटा आहे, त्यामुळे हे मुंबईच्या मंत्रालयातही बोलता येईल.

थोडं आमच्याकडूनही व्हायला हवं. गोंदियाचे राईस मिलवाले, मोठे दवाखाने, कॉलेजं यांनी मिळून वर्षभरासाठी विमानातल्या काही जागा आगाऊ विकत घेतल्या, तर कंपनीला सहज पाय काढता येणार नाही. शिवाय विमानाच्या वेळेला धरून बिरसी ते गोंदिया रेल्वे स्टेशन अशी एसटी हवी. आमच्या भागातला माणूस ऑटोला किती पैसे देणार?

अमरावतीकरांनाही सांगावंसं वाटतं. त्यांच्या बेलोरा विमानतळाहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, पण तेव्हा ते आठवड्यातले तीनच दिवस होतं आणि तेही दुपारनंतरचं. संध्याकाळी मुंबईत उतरणाऱ्या माणसाचं सरकारी काम त्या दिवशी होत नव्हतं, मुक्काम पडायचा. सकाळी जाऊन रात्री परतता येईल अशी वेळ आत्ताच मागून घ्या. भारमान पडल्यावर मागितली तर कोणी ऐकत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण इटियाडोह धरणाचा पाणीसाठा छापता, तसं दर महिन्याला बिरसी आणि बेलोऱ्याच्या किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या, एवढे दोन आकडे छापावेत. ते मिळवून द्यायला लागणारी धावपळ मी करीन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
आमगाव, जि. गोंदिया